पाच औटं किती?

चपला इथेच काढून ठेवा, तिथे लागणार नाहीत. मोबाईलही ठेवा. जिथे जायचंय तिथे तुम्हाला हाक मारायची असली की अख्खी आळी तोंडानंच मारते. चष्मा, घड्याळ, बी.एड.ची पदवी, सगळं या टेबलावर राहू द्या. तुमची उंची आता साडेतीन फूट. हात फिरवून बघा, डोक्यावर शेंडी तेवढी उरलीय.

का निघालो ते मात्र विसरू नका. तुमच्या वर्गात खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर एक मुलगा बसतो. दर सोमवारी त्याचं पोट दुखतं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, पोटात काही सापडलं नाही. फळ्यापाशी बोलावलं की तो उठतो, पण त्याचा आवाज बाकावरच राहतो. परवा तुम्ही त्याला म्हणालात, "अरे, घाबरतोस काय एवढा? मी काय वाघ आहे?" प्रेमानंच म्हणालात. घरी गेल्यावर मात्र जेवताना पुटपुटलात, की एकदा त्याच्या आत शिरून बघायला हवं.

त्याच्या आत शिरायची सोय नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका पोरात जागा रिकामी आहे. वाका जरा. हं, शिरा.

पेण. साल 1902 धरा. जिल्ह्याला अजून कुलाबा म्हणतात, रायगड हे नाव यायला 1981 उजाडायचंय. श्रावणातली सकाळ आहे आणि तुम्ही माजघरात भाताच्या कणगीमागे उकिडवे बसला आहात. तूस मानेला टोचतंय. कौलांवर असा पाऊस कोसळतोय की शेजारच्या घरातलं जातं ऐकू येत नाही. आणि पोटात कुणीतरी ओलं फडकं पिळतंय. बेंबीपाशी सुरू होतं, गळ्यापर्यंत चढतं, पुन्हा खाली उतरतं. दुखतंय ना खरंच? स्टाफरूममध्ये तुम्ही याला 'नाटकं' म्हणाला होतात.

आजी तळहातावर ओवा आणि मीठ ठेवते. "चाव, आणि नीघ बघू. नायतर ते येतील."

ते येतात. मास्तरांनी धाडलेली चार थोराड पोरं, गुडघ्यापर्यंत चिखल आणि तोंडभर आनंद. दोघं दंड धरतात, दोघं पाय. याला उचलबांगडी म्हणतात. आज हा शब्द बदली झालेल्या साहेबाच्या बातमीत भेटतो. इथे मात्र तुमचं ढुंगण दर चार पावलांना डबक्याला लागतंय आणि मागून आजी ओरडतेय, "सावकाश रे, पाडाल त्याला!"

डोकं खाली लोंबकळतंय, म्हणून पेण तुम्हाला उलटं दिसतं. आभाळाच्या जागी चिखल, चिखलातून वाहणारं पाणी. अंतोऱ्याच्या बंदराकडून खाऱ्या गाळाचा वास येतो. चुरमुऱ्याच्या भट्टीवरून जाताना गरम वाळूची एक झुळूक गालाला लागते आणि क्षणभर बरं वाटतं. गणपतीच्या कारखान्याचं दार उघडं आहे. आत ओल्या शाडूचा थंड, विहिरीसारखा वास, आणि फळ्यांवर ओळीनं बसलेले पांढुरके गणपती. तुमच्यासाठी ते छताला लटकलेत. डोळ्यांची आखणी अजून व्हायची आहे, तेव्हा ही वरात त्यांनी तरी पाहिलेली नाही. बाकी सगळ्या गावानं पाहिली.

शाळा म्हणजे एक लांबट खोली. जमीन शेणानं सारवलेली आणि दमट, मांडी घातली की गारवा थेट आत चढतो. कोपऱ्यात इरली आणि घोंगड्या टांगल्यात, त्यांना भिजलेल्या मेंढराचा वास. चाळीस पोरांच्या केसांतलं खोबरेल, दौतीतली शाई, कुणाच्या तरी फडक्यातली सुकटीची भाकरी. पाटी पुसायला थुंकी आणि मनगट. सगळ्यांत धाकटी पोरं अजून धुळाक्षरांत आहेत, त्यांच्या बोटांना पेन्सिल लागलेली नाही. मुलगी एकही दिसत नाही. गावात शोधली तर दोन-चार सापडतील, त्यांची बसायची जागा वेगळी.

दाराबाहेर ओटीवर दोन मुलं बसलीत, वळचणीच्या आत नि पावसाच्या झडीत. त्यांना आत घेत नाहीत. त्यांची पाटी मास्तर लांबूनच बघतात. तुमच्या पोटातलं दुखणं आणि त्यांच्या पोटातलं दुखणं एक नाही. तुम्हाला चूक व्हायची भीती आहे. त्यांनी एकही चूक न करता शिक्षा सुरू झालेली आहे. पुढे ज्या युक्त्या सांगणार आहे त्यांतली एकही त्यांच्या उपयोगाची नव्हती, आणि हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आता पाढे सुरू झाले. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. बाजारात अडीच पायली, साडेतीन शेर असाच हिशेब चालतो, म्हणून पोरांना अपूर्णांक असे घोटून पाजतात. आवाज एकदम उठतो. चाळीस गळे, एक सूर, शेवटच्या शब्दावर सगळ्यांची मान एकदम खाली. पत्र्याच्या छपरावर गारा पडाव्यात तसा कानात नाद. आणि तुमच्या लक्षात आलं का? पोट सैल झालं. या गदारोळात तुमचा आवाज तुम्हालाच ऐकू येत नाहीये, तो चुकला तरी चाळीस आवाज त्याला मधे धरून पुढे नेताहेत. तुम्ही हलताय, ओरडताय, श्वास आपोआप लांब सुटतोय. ही घोकंपट्टी म्हणून आपण नंतर मोडीत काढली आणि बुद्धीच्या बाजूनं बघितलं तर बरोबरच केलं. पण भित्र्या पोराला वर्गात लपायला मिळणारी ती एकच उबदार जागा होती, हे आपल्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. घोंगडीत तोंड खुपसल्यासारखं वाटतं बघा त्या आवाजात.

"थांबा."

सगळं थांबतं. पाऊस तेवढा चालू.

"तू रे. कणगीमागचा. उभा राहा. पाच औटं किती?"

माहीत आहे तुम्हाला. आत्ता, क्षणापूर्वी, तुम्हीच ओरडलात. पण उभं राहिल्याबरोबर कानात वारा घुसल्यासारखं होतं. तळहात ओले. जीभ टाळूला चिकटली. समोरचे मास्तर लांब लांब जाताहेत आणि त्यांच्या हातातली चिंचेची फोक मात्र जवळ येतेय. मुद्दाम थांबवतो तुम्हाला इथे, नीट बघून घ्या. भ्यालेलं शरीर पळायची तयारी करतं. काळीज धडधडतं, श्वास आखूड होतो, रक्त हातापायांकडे धावतं, पोटाचं काम बाजूला पडतं. पोट दुखतं ते यानंच. समोर बिबट्या असता तर ही सगळी तयारी उत्तम होती. आत्ता समोर पाच औटं आहेत आणि पळायला वाव नाही. साडेसतरा डोक्यात कुठेतरी आहेच, पण तिथवर जायची वाट बंद झालीय. फोक मारून ती उघडत नाही, आणखी घट्ट होते. सट्. झाली ना? पाठीवर रेघ उठली. आता साडेसतरा तर सोडाच, स्वतःचं नाव आठवतंय का बघा.

"बस खाली. आणि तू, दाम्या, याला शिकव."

हा दाम्या म्हणजे मघाशी तुमचा डावा पाय धरणारा. तो येऊन शेजारी मांडी घालतो, आपली पाटी तुमच्या पाटीला चिकटवतो आणि तोंड न हलवता कुजबुजतो, "चार औटं चौदा येतात ना तुला? मग त्यात औट घाल." तुम्ही बोटांवर घालता. सतरा. आणि अर्धा. "मला सांग, मास्तरांना नको," असं दाम्या म्हणतो, आणि तुम्ही सांगता. आवाज निघतो! ओठ ते कान एवढं वीतभरच अंतर होतं, म्हणून निघतो.

मोठ्या पोरानं धाकट्याला शिकवायची ही रीत आपल्याकडच्या गावठी शाळांत इतकी मुरलेली होती, की अठराव्या शतकाच्या अखेरीला मद्रासेत अँड्र्यू बेल नावाचा पाद्री ती बघून चकित झाला आणि 'मद्रास पद्धत' म्हणून विलायतेला घेऊन गेला. त्याला त्यात पगाराची बचत दिसली. आपल्याला आज दाम्या दिसतोय.

मास्तर दुष्ट आहेत का? मलाही तसंच वाटलं होतं. पण थोड्या वेळानं ते तुमच्याकडे न बघताच म्हणतात, "जा, आडावरनं घागर भरून आण. पाढा संपायच्या आत परत ये." वाक्याचे दोन्ही भाग ऐकलेत ना? तुम्ही बाहेर पडता. पाऊस अंगावर. दोराचा खरखरीत काथ्या हातात, घागर पाण्याला लागल्याचा बुडबुड आवाज, वर येताना खांद्याला बसणारा ताण. गार पाणी मनगटावर ओतलंत. श्वास जागेवर आला. आता घरी पळता आलं असतं, आळी दोन हाकांवर आहे. पण पाढा संपायच्या आत परत जायचंय. तुम्ही परत जाता, आणि दार ओलांडताना पोट पुन्हा आवळतं, पण सकाळपेक्षा कमी. त्या मास्तरांना मानसशास्त्र हा शब्द माहीत नव्हता. भ्यालेल्या पोराला जरा सुटका द्यावी आणि परतीची वेळही बांधून द्यावी, एवढं त्यांना चाळीस पोरं हाकता हाकता कळलं होतं. सुटका कायमची दिली की भीती बाळसं धरते. आज वर्गात एखाद्याला 'राहू दे, तू नको सांगूस' म्हणून आपण वर्षभर मोकळा सोडतो, तेव्हा हेच घडतं.

आता संध्याकाळ. पेण तालुक्यातल्याच गागोद्याला तुमचं आजोळ आहे असं समजू, आणि गाडीवाटेनं पोचलोही. रात्र इथे फार लवकर होते आणि पूर्ण होते. परवचा म्हणून झाला, देवापाशी तेलाची वात, बाहेर बेडकांचा गजर. जेवून हात धुवायला मागच्या पडवीत जायचंय आणि तुमचे पाय उंबऱ्याशी थबकलेत. उद्याची शाळा आत्ताच पोटात आली. कंदील हातात घेता आणि भिंतीवर कुणीतरी उभं राहतं. छपरापर्यंत उंच, काळं, हलणारं.

ओरडू नका. याच गावात 1895 साली जन्मलेला भाव्यांचा विन्या आता सातव्या वर्षात आहे. आपण त्याला विनोबा म्हणून ओळखतो. त्यालाही लहानपणी भुताचं भारी भय. एका रात्री भिंतीवर अशीच अवाढव्य आकृती बघून तो आईकडे धावत सुटला, ही आठवण त्यांनी पुढे स्वतः सांगितली आहे. आई रुक्मिणीबाईंनी काय केलं असेल? भूतबीत काही नसतं, असं व्याख्यान दिलं नाही. भितोस काय म्हणून हसल्याही नाहीत. म्हणाल्या, की तो तर तुझा गुलाम आहे. तू सांगशील ते करील. तू बसलास की तोही बसेल, उठलास की उठेल. पोरगं मग करून बघायला लागलं. बसला, तर तो बसला. चालला, तर तो चालला. आडवा झाला, तर तोही आडवा.

बसा ना तुम्हीही. कंदील जमिनीवर ठेवा. बसला तो? हात वर करा. आता कान धरा स्वतःचे. वर्गात कोंबडा करतात ना, तसाच त्याला करायला लावा. हसू आलं. भीती गेली असं मी म्हणत नाही, पण ती आता तुमच्याबरोबर काहीतरी करतेय, आणि ज्याला काहीतरी करायला मिळालं त्याचे हातपाय सुटतात. हात धुऊन या. आलात? बघा.

दुसऱ्या दिवशी रोहा; शाळा बदलली, पोर तेच. नागोठण्यावरून बैलगाडी, खडखडाटानं दात वाजताहेत, आवणीनंतरची हिरवीगार खाचरं, वाकलेल्या बायकांच्या पाठीवरची इरली. कुंडलिका तांबडी होऊन दुथडी वाहतेय, पलीकडे अष्टमी धुक्यात. धावीर महाराजांच्या देवळाकडून घंटा ऐकू येते. इथल्या शाळेत आज वेगळाच वास आहे: ताजं शेण, आंब्याचं तोरण, धुतलेल्या टोप्यांतला रिठा. उद्या डिपोटी येणार.

डिपोटी म्हणजे शाळा तपासणारा डेप्युटी इन्स्पेक्टर. तो घोड्यावरून येतो की गाडीतून, त्याच्या मिशा केवढ्या, यावर दोन दिवस वाद चाललाय. आणि जरा मास्तरांकडे बघा. तिसऱ्यांदा तेच हजेरीपत्रक पुसताहेत. आवाज चढलाय, हात थरथरतोय. डिपोटीच्या शेऱ्यावर त्यांचं पोट आहे. त्यांच्या पोटात जे पिळलं जातंय तेच उतरंडीनं खाली येत येत तुमच्यापर्यंत पोचलंय. आपल्याकडे आज डिपोटीची जागा निकालाच्या टक्केवारीनं घेतलीय. उतरंड तीच आहे.

याच गावात, याच सुमाराला चिंतामण द्वारकानाथ देशमुख नावाचा एक चुणचुणीत मुलगा वाढतोय. 1912 साली मॅट्रिकला तो मुंबई इलाख्यात पहिला येईल, 1943 साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर होईल. रोहेकरांना त्याचा अभिमान आहे आणि तो रास्तच. पण पहिल्या आलेल्यांची नावं फळ्यावर सोनेरी अक्षरांत राहतात. कणगीमागे बसलेल्यांची नोंद कोणत्या हजेरीपत्रकात असते?

दुपारी मास्तर जेवायला गेले आणि वर्गात एकदम धुमाकूळ. एका वात्रट पोरानं मास्तरांचं उपरणं डोक्याला गुंडाळलंय, शाईनं मिशा काढल्यात आणि छत्री काखेत मारून तो दारातून आत आलाय. "क्कायऽऽ मास्तर! पोरं व्हुशार आहेत का?" सगळे लोळताहेत. खोटा डिपोटी एकेकाला उठवतो. चुकलं तर स्वतःच कान धरून उठाबशा काढतो. तुमच्यापाशी येतो. "पाच औटं?" तुम्ही हसत हसत सांगता. "मोठ्यानं!" मोठ्यानं सांगता. "छत्रीला सांग!" छत्रीला सांगता. सात वेळा सांगून झालं. उंबऱ्यात मास्तर येऊन उभे आहेत आणि पोरांना वाटतंय आता सोलणार. ते फक्त उपरणं काढून घेतात, झटकतात, आणि म्हणतात, "आता दारातून आत येतो तेव्हा सगळ्यांनी कसं उठायचं ते दाखवा." मग तेच बाहेर जाऊन डिपोटी होऊन आत येतात. दोनदा. दुसऱ्यांदा त्यांचा स्वतःचा आवाजही उतरलेला असतो.

खरा डिपोटी दुसऱ्या दिवशी येतो. बुटका आहे, पडसं झालंय, मिशा अगदीच साध्या. तुमची पाळी येते तेव्हा पोट आवळतंच. पण त्या मिशांच्या जागी तुम्हाला शाईच्या मिशा दिसतात आणि उत्तर बाहेर पडतं. साडेसतराचा 'सतरा' नीट ऐकू येतो, 'साडे' घशातच राहतो. डिपोटी शिंकतो आणि पुढच्याकडे वळतो.

चला, निघायला हवं. परत येताना 1945 वरून जाऊ, एक मिनिटच. उत्तरेला बोर्डी आहे, समुद्राचा वारा. पोरं शाळेत येत नाहीत म्हणून तारा मोडक आणि अनुताई वाघ शाळाच उचलून पोरांच्या अंगणात घेऊन गेल्यात. शंख-शिंपले, पानं, बिया, आणि वावरायला ओळखीचं अंगण. अंगणवाडी या शब्दाचं मूळ इथलं. चाळीस वर्षांत उचलबांगडी उलटी झाली बघा: आधी पोराला उचलून शाळेत, आता शाळेला उचलून पोराकडे.

घ्या तुमच्या चपला. चष्माही घ्या. पाठीवरची रेघ जाईल थोड्या वेळानं. इथे फोक चालत नाही, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं मारायला आणि मानसिक छळालाही बंदी आहे. त्या मुलाची झोप, जेवण उडालं असेल, आठवडेच्या आठवडे शाळा बुडत असेल, तर एकट्यानं हिकमती करत बसू नका, पालकांना घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. कुठून सुरुवात करावी हेच सुचत नसेल तर टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. पण त्याआधीचा सोमवार तुमच्याच हातात आहे.

म्हणून शनिवारी शाळा सुटताना तुम्ही त्याला दप्तर भरता भरता सांगितलंत, "सोमवारी तुला पाचवं उदाहरण विचारीन. तेवढंच. बसल्या जागेवरनं सांग." सोमवारी त्याचं पोट दुखलं, पण तो आला. आधी साऱ्या वर्गाकडून मोठ्यानं म्हणवून घेतलंत, छताचा पंखा हलला. मग शेजाऱ्या-शेजाऱ्यांना एकमेकांना सांगायला लावलंत. मग मुलांनीच एकाला इन्स्पेक्टर केलं. त्यानं तुमची ओढणी फेट्यासारखी बांधली, आणि तुम्ही ती बांधू दिलीत. पाचवं उदाहरण आलं. तुम्ही समोर उभ्या राहिला नाहीत, त्याच्या बाकाशेजारी, त्याच्यासारखंच फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिलात.

साडेतीन गुणिले पाच.

तो उठला. त्याचा कान लाल झाला. शेजारच्या मुलानं त्याच्या वहीला आपली वही चिकटवली. खाली मुख्य रस्त्यावर एस.टी. हॉर्न वाजवत गेली आणि ती जाईपर्यंत तुम्ही काही बोलला नाहीत. मग तो काहीतरी म्हणाला. पहिल्या बाकापर्यंत पोचलं नाही ते. शेजारच्याला ऐकू गेलं, आणि तुम्हाला.